खालून आलेला वणवा

मोहिमेचा हेतू साधा होता. तव्याच्या डोंगरावर, खिंडीच्या तोंडाशी, एक उभा दगड आहे. तो गाठायचा, त्याचे फोटो काढायचे आणि उजेड असेपर्यंत खाली यायचं.

दगडाची बातमी आणली किशननं. किशन बेहेडपाड्याचा, म्हणजे त्याच डोंगराच्या खांद्यावरच्या अकरा घरांच्या पाड्याचा. पोटासाठी तो काल्हेरच्या एका गोदामात माल चढवायचं काम करी, आणि ते गोदाम होतं देवेश तरेच्या घरचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो सहज सांगून गेला, की मोठा वणवा लागून गेला की पाड्यावरची माणसं त्या दगडावर एक खाच पाडतात. देवेशची चुलतबहीण भाविका तिथंच डबा उघडून बसली होती. तिचा घास हातातच राहिला. ठाणे जिल्ह्यातले जुने उन्हाळे आणि जुने वणवे हा तिचा संशोधनाचा विषय. कुठल्या साली पारा किती चढला, कुठल्या साली कुठला डोंगर जळला, याच्या याद्या करत ती दोन वर्षं जुनी वर्तमानपत्रं उपसत होती. आणि इथं कुणीतरी तेच सगळं दगडात कोरून ठेवलं होतं!

मोहिमेचं नेतृत्व आपसूकच देवेशकडे आलं, कारण त्याचे बूट सगळ्यात महाग होते. शिवाय मनगटावर उंची मोजणारं घड्याळ होतं. वय अठ्ठावीस, उत्साह दांडगा आणि डोंगराचा अनुभव शून्य. आजोबांनी भात लावला, वडिलांनी त्याच जमिनीवर गोदामं उभी केली, आणि देवेशला भाताचं रोप दाखवून हे काय म्हणून विचारलं असतं, तर त्यानं किशनच्या तोंडाकडे पाहिलं असतं.

एकच खाचर उरलं होतं. वज्रेश्वरीच्या पुढं, तव्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, ओहळाच्या तोंडाला. ते आक्कानं विकू दिलं नव्हतं. आक्का म्हणजे देवेशच्या वडिलांची थोरली बहीण. तिचे गुडघे गेले होते, पण दर वर्षी तिथं भाताचं रोप टाकायचं हा तिचा हट्ट गेला नव्हता. रोप टाकायचं म्हणजे आधी राब भाजायला हवा. जमिनीवर शेण, पाला, टहाळ थराथरानं पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं; भाजलेल्या मातीत रोप जोमानं येतं. गड्यानं राब रचून ठेवला आणि तो लग्नाला गावी गेला. देवेश त्याच बाजूला चालला होता, म्हणून काम त्याच्या गळ्यात पडलं.

आक्कानं त्याला समोर बसवून सांगितलं, "पयलं भोवतीचं गवत हातभर झाडून काढ. पेटवायचा त्यो वरशी, वाऱ्याला सामोरा, म्हंजे विस्तू हळूहळू खाली सरकत येतो. खालशी लावशील तं धावंल. आन् राख हाताला गार लागंस्तोवर जागा सोडायची न्हाय."

एकदा नाही, तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा त्याच्याकडून म्हणवून घेतलं. म्हातारं माणूस, एकच एक धरून बसतं, असं देवेशला वाटलं आणि तो हसला.

यंदाचा मे महिना म्हणजे नुसता जाळ होता. भिवंडीत पारा त्रेचाळीसवर जाऊन तिथंच बसला होता. पत्र्याखाली लूम चालवणारे कामगार दुपारची शिफ्ट अर्ध्यावर टाकून नळाखाली डोकं धरत होते. अशा दिवसांत डोंगर चढू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण भाविकाचा प्रबंध महिनाअखेरीस द्यायचा होता आणि नेत्याला धीर नव्हता.

ठरल्या दिवशी पहाटे देवेश एकटाच गाडी घेऊन खाचरावर गेला. भाविका पहिल्या एसटीनं यायची होती आणि किशन तिला घेऊन सातला फाट्यावर थांबणार होता. देवेश पोचला तेव्हाच सव्वासहा झाले होते. भोवतीचं गवत झाडायला खराटा हवा होता, तो सापडेना. वरून पेटवून पाहिलं तर विस्तू नुसता कुरकुरत, धुमसत बसला; या चालीनं नऊ वाजले असते. मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि खालून काडी लावली. भप्पकन जाळ उठला आणि वीस मिनिटांत राब वरपर्यंत काळा होऊन मोकळा! देवेशला आपल्या हुशारीचं कौतुकच वाटलं. वरच्या कडेला दोन ठिकाणी धूर निघत होता, तिथं त्यानं बूट दाबला आणि चालता चालता आक्काला फोन लावला. पट्टा झाडला, वरून पेटवला, राख गार झाली. एका दमात तीन थापा! आक्का म्हणाली, बरं झालं रं बाबा.

फाट्यावरच्या दोघांना त्यानं राबाचं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

चढण सुरू झाली. पळसाची पानं करपून वाटेवर पडली होती आणि पाऊल ठेवलं की पापडासारखी मोडत होती. साग उघडाबोडका उभा होता. सावली शोधावी तर ती झाडाच्या बुंध्याएवढीच. किशन पाठीवर सगळ्यात मोठं ओझं घेऊन पुढं होता, त्याच्यामागं भाविका, आणि नेता सगळ्यांच्या मागं, दर पन्नास पावलांवर घड्याळात उंची बघायला थांबत. नऊच्या सुमाराला ते बेहेडपाड्यावर आले. कुडाची घरं, अंगणं सारवलेली, पाड्याभोवती फाल्गुनातच गवत जाळून काढलेला काळा पट्टा, आणि पट्ट्याच्या बाहेर, आत जागा नव्हती म्हणून, छपरांसाठी कापलेल्या गवताच्या उंच गंजी.

इथून वाटाड्या म्हणून किशनची आई येसू बरोबर आली. साठीची, काडीसारखी बाई, कमरेला कोयता, पायात टायरच्या चपला. तिनं तिघांना तांब्याभर पाणी दिलं, देवेशच्या बुटांकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि आभाळाकडे तोंड करून म्हणाली, की आज मावळतीचा वारा लवकर सुटणार, लवकर जाऊन लवकर परतू. कुणाकडे बिडीकाडी असेल तर ती इथं ठेवा, असंही बजावलं. काडेपेटी फक्त तिच्याकडे, कनवटीला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली.

पाड्याच्या वर घोडमाळ लागतो. एका अंगाला ओहळाची घळ, दुसऱ्या अंगाला कडा, आणि मध्ये कमरेइतकं वाळलेलं गवत. पाड्याची जनावरं पाऊस येईपर्यंत याच गवतावर काढतात. माळाच्या वर काळा कातळ पसरला आहे. उन्हात तो असा तापतो, की त्यावरूनच डोंगराला तव्याचा डोंगर म्हणतात. कातळ चढून गेलं की खिंड, आणि खिंडीत तो दगड. माळाच्या मध्यावर पोचेपर्यंत साडेबारा झाले. भाविकाचा चेहरा लालबुंद झाला होता. पाण्याच्या सहा बाटल्यांपैकी दोन उरल्या होत्या, कारण नेत्यानं दोनदा तोंड धुतलं होतं.

आणि वारा सुटला.

आधी वास आला. येसू जागच्या जागी थांबली. मग खालच्या झाडीवरून पांढरा धूर उठला, वाऱ्यानं पसरला आणि बघता बघता डोंगराचं सगळं बूड धुरानं झाकून गेलं. कुठून कुठपर्यंत आग आहे, काही कळेना. चिमण्या, पारवे, एक भेकर असं सगळं त्यांच्या बाजूनं वर पळत गेलं, माणसांकडे न बघता.

देवेशला सकाळ आठवली. राबाची वरची कड, तिथला तो धूर, बुटाखाली विझवलेला. विझवलेला ना? त्यानं स्वतःला सांगितलं, की एवढ्या मोठ्या डोंगराला आग लागायला शंभर कारणं असतात. मग भाविकानं विचारलं, की अशा उन्हात आग लावली तरी कुणी, आणि कुणी काही म्हणायच्या आत तो बोलून गेला, "मोहाची फुलं वेचायला पाला जाळतात ना हे लोक."

हे लोक! किशन त्याच्या हातभर पुढं उभा होता. त्याच्या पाठीवर देवेशचीच पिशवी होती. तो वळला, रागावला नाही, नुसतं म्हणाला, "मोह महिन्यामागंच सपला, शेठ."

देवेशनं मान खाली घातली. पुढं कित्येक दिवस त्याला आगीची स्वप्नं पडली नाहीत. पडलं ते हे वाक्य आणि किशनचा तो थंड आवाज.

पण येसूला या बोलण्यात रस नव्हता. ती हिशेब करत होती. दर साली आग लागते ती सडकेच्या बाजूनं, जाणारायेणाराच्या बिडीनं. तशी असली, तर सरळ ओहळात उतरायचं. अर्ध्या वाटेवर कोंड आहे, तिथं कंबरभर पाणी असतं, त्यात बसून राहिलं की आग वरून निघून जाते. मात्र आग ओहळाच्या तोंडची असली, तर ओहळात पाय ठेवायचा नाही, कारण चुलीचा जाळ धुराड्यातून चढतो तसा तो घळीतून चढणार. तिनं एकेकाकडे पाहिलं.

"सकाळी खालशी येताना कुनी कुठं विस्तू बघितला का?"

भाविका नाही म्हणाली. किशन नाही म्हणाला. राहिला देवेश. इतकं सोपं होतं! हो, मी राब लावला होता, ओहळाच्या तोंडाला, इतकंच म्हणायचं. पण नुकतंच तो मोहाचं बोलला होता. ते तोंडातून गेलं नसतं, तर कदाचित हेही निघालं असतं. एका खोट्याच्या पाठीशी दुसरं उभंच असतं.

"नाही," देवेश म्हणाला.

ते ओहळात उतरले.

घळ खोल आणि अरुंद होती. तळाला धोंडे, आणि धोंड्यांच्या मध्ये वर्षभराचा पाला गुडघाभर साचलेला. किशन सगळ्यात पुढं, एकेक टप्पा उतरून भाविकाला हात देत होता. येसू तिच्यामागं. देवेश शेवटी, आणि त्याचे पाय पुढं पडेनात. प्रत्येक वळणाला त्याला वाटे, आता बोलावं. प्रत्येक वळणाला वाटे, कोंड जवळच असेल, पाण्यात बसू, आग निघून जाईल, कुणाला काही कळणार नाही. लाज माणसाला गप्प बसवते ती अशी, एकेक वळणानं.

मग वारा थांबला. नाही, थांबला नाही, फिरला! घळीतून गरम फुंकर वर आली आणि खालून आवाज येऊ लागला. एकाच वेळी शंभर लूम सुरू व्हावेत तसा खडखडाट!

"थांबा!" देवेश ओरडला. "खाली जाऊ नका! आग ओहळाच्या तोंडाचीच आहे. राब मी लावला होता सकाळी, खालून! मी खोटं बोललो!"

भाविका वळून बघतच राहिली. येसूनं एक क्षणही घालवला नाही; तिनं भाविकाचं मनगट धरलं आणि तिला वर ढकललं. किशन मात्र दोन टप्पे खाली होता. खालच्या वळणावर जाळ दिसला. बांबूचं एक पेटलेलं बेट फटाफट फुटलं आणि त्याचा अर्धा भाग घळीत कोसळला. पाला पेटला! किशननं पिशवी टाकली, वरच्या धोंड्यावर उडी मारली, पाय घसरला आणि उजवा हात तापलेल्या निखाऱ्यांत गेला. त्याच्या पोटरीला जाळ चाटून गेला. देवेश खाली धावला. हे शौर्य नव्हे. तेवढीच लाज शिल्लक होती. त्यानं किशनचा डावा हात धरला, ओढला, पुन्हा ओढला. दोघं वर आले. मागं वळून बघायला कुणाला फुरसत नव्हती.

चौघं धापा टाकत घोडमाळावर बाहेर पडले. पाठोपाठ घळीतून ज्वाळा माडाएवढ्या वर आल्या आणि माळाच्या खालच्या कडेला गवत पेटलं.

कातळ वर तीनशे पावलांवर होता. चढ उभा, गवत कमरेइतकं, आणि आग वाऱ्याच्या पाठीवर बसलेली. तीनशे पावलं पळून कुणी जिंकणार नव्हतं. येसू देवेशसमोर उभी राहिली. तिनं शिवी दिली असती, कानफटात मारली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं, की राब केवढा होता, वरच्या अंगाला गवत होतं का झाडी, उजवीकडे काय, डावीकडे काय. या वेळी देवेशनं सगळं खरं सांगितलं. पाच वाव, म्हणजे तीसेक फुटांचा राब, वर नुसतं गवत, डावीकडे घळ, उजवीकडे मोकळं रान. म्हणजे आग घळीतून एक आणि उजव्या रानातून दुसरी, अशी दोन्हीकडून येणार. कड्याच्या बाजूला सरकून सुटका नाही, हे तिनं ओळखलं. तिनं कनवटीची पिशवी सोडली, काडेपेटी काढली आणि पायाशी, कातळाच्या दिशेनं, गवताला काडी लावली.

"आये, आपलं गवत!" किशन म्हणाला.

"जाऊ दे," येसू म्हणाली.

पाड्याच्या जनावरांचा पावसापर्यंतचा चारा होता तो. दुसऱ्याच्या हातून सुटलेल्या आगीला अडवण्यासाठी ती आपलाच माळ आपल्या हातानं पेटवत होती. नवा जाळ वाऱ्याबरोबर वर धावत सुटला, आणि त्याच्यामागं काळी, धुमसती, रिकामी जमीन उघडी पडत गेली. येसूनं हात केला. चला! चौघं त्या काळ्या जमिनीत शिरले. पायाखाली निखारे. राख नाकात, डोळ्यांत. वीस पावलं. चाळीस. साठ! "पडा!" येसूनं सांगितलं आणि चौघं पालथे पडले. एक बाटली उरली होती. तिनं ती पदरावर, ओढणीवर, दोन रुमालांवर ओतली आणि ज्याच्या त्याच्या तोंडावर दाबली.

मोठी आग आली. आधी आवाज, मग उजेड, मग धग. पाठीवर कुणी तापलेला पत्रा धरावा तशी धग. देवेशनं श्वास घेतला आणि तो घशात भाजला. शेजारी भाविका आईचं नाव घेत होती. किशन दात आवळून पडला होता, भाजलेला हात छातीखाली धरून. जळालेल्या जमिनीच्या काठाशी येऊन आग अडली, फणकारली आणि दोन्ही अंगांनी फुटून वर निघून गेली. कातळापाशी तिला खायला काही उरलं नाही. पंधरा मिनिटं, फार तर वीस. मग नुसता धूर, आणि कुठंकुठं तडतडणारी खोडं.

जगले होते. चौघंही जगले होते! भाविका उठून बसली आणि एकदम रडायला लागली. देवेश उभा राहिला तर उजव्या बुटाचा तळवा जमिनीलाच चिकटून राहिला. येसूच्या टायरच्या चपलांना काही झालं नव्हतं.

कातळावर चढून येसूनं पाड्याकडे हाका घातल्या. बऱ्याच वेळानं खालून उत्तर आलं. माणसं सुखरूप होती. त्यांनी टहाळे घेऊन आग झोडपली होती आणि काळ्या पट्ट्यानं घरं राखली होती. पट्ट्याबाहेरच्या गवताच्या दोन गंजी मात्र गेल्या, आणि गंजींना लागून असलेला एक गोठा. गोठा कुणाचा, हे कुणी ओरडून सांगितलं नाही, पण किशननं आईकडे पाहिलं आणि देवेशला कळलं.

कातळावर फोनला रेंज होती. खाचरामुळं देवेशही पायथ्याच्या गावकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होता; तिथं निरोपांचा ढीग पडला होता. आग पाड्यावरच्यांनीच मोहासाठी लावली. दर साली हेच करतात. वनखात्याची माणसं उद्या पाड्यावर नावं घ्यायला जाणार, एकदा चांगली अद्दल घडू दे. देवेशनं तो शब्द वाचला, मोह, आणि त्याला आपलाच आवाज ऐकू आला. माळावर तो जे बोलला होता तेच गावभर चाललं होतं, फक्त तिथं ऐकायला किशन नव्हता. त्याची बोटं काळी झाली होती, काचेवर नीट उमटेनात. तरी त्यानं लिहिलं: वणवा माझ्या हातून गेला. आमच्या खाचरातला राब मी खालून पेटवला आणि न विझवता सोडून आलो. पाड्याचा काही संबंध नाही. वनखात्याकडे मी स्वतः उद्या जातो. देवेश तरे, काल्हेर.

निरोप गेला. 

पाड्याकडे परतायची वाट आता खिंडीतूनच होती. येसूनं किशनच्या हाताला पदराची पट्टी बांधली आणि म्हणाली, दगड बघायला आलात नव्हं, चला. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

दगड छातीइतका उंच, काळा, एका अंगानं सपाट. त्या सपाट अंगावर खालून वर खाचा होत्या, बोटभर लांब, एकीवर एक. भाविकानं मोजल्या. नऊ. मग तिनं आपली यादी काढली, खाचा सालांच्या क्रमानं जुळवून पाहिल्या आणि गोंधळली. खाचांच्या मध्ये तीन ठिकाणी वीतभर जागा कोरी सोडली होती, आणि तिच्या यादीतले सगळ्यात मोठे वणवे नेमके त्या कोऱ्या जागांवर येत होते. बहात्तरच्या दुष्काळातला वणवा वर्तमानपत्रात छापून आला होता, दगडावर मात्र नव्हता. तिनं विचारलं, की ही वर्षं राहून गेली का?

"राहून न्हाय गेली. सोडली," येसू म्हणाली. "ही खाच पाड्याची न्हाय पोरी, मानसाची. ज्याचे हातून विस्तू सुटला त्यानं यायचं, सगळ्यांम्होरं आपले हातानं खाच पाडायची. दुसरा दंड न्हाय. ही माझे सासऱ्याची. ही माझी, लगनाचे दुसरे साली. राब माझे हातून सुटला. आन् ज्या सालाचा वणवा खालशी आला, त्याची खाच कोन पाडनार? खालचं कोन वर आलं न्हाय. म्हनून जागा सोडली."

देवेशनं तिथं उभ्याउभ्या आक्काला फोन लावला. थापा तिला दिल्या होत्या, तर खरंही तिलाच सांगायला हवं होतं. पट्टा झाडला नाही, खालून पेटवला, राख बघितली नाही, डोंगर जळाला. आणि आपण त्या दगडापाशी आहोत. 

मग आक्का म्हणाली, "तुझे आजाला बी बोलावला होता त्या दगडापाशी. बहात्तर साली. त्याचा राब सुटला होता. मी दहा वरसांची होते. पाड्याची मानसं अंगनात येऊन बसली व्हती दिवसभर. त्यो घरातशी बाहीर पडला न्हाय." मग म्हणाली, "तुला तीनदा कशाला सांगत होते रं?"

देवेशनं फोन खिशात ठेवला. कोऱ्या जागांमधली कुठली बहात्तरची, हे भाविकानं बोटानं दाखवलं. त्या जागेवर शेवाळही धरलं नव्हतं. कुणीतरी दर वर्षी ती पुसत असावं. वाट बघत. पन्नासहून जास्त वर्षं.

त्यानं येसूला विचारलं, की दोन्ही पाडू का, माझी आणि आजोबांची.

"न्हाय. त्याची आता कुनाला पाडता यायची न्हाय," येसू म्हणाली. "तुझी पाड."

दगडाच्या बुडाशी कपारीत एक गंजलेली छिन्नी आणि मुठीएवढा गुळगुळीत धोंडा ठेवलेला होता. देवेशनं ते उचललं. भाविकानं कॅमेरा गळ्यातच राहू दिला आणि वही उघडली. साल लिहिलं, पारा लिहिला, सुरुवात कुठून झाली ते लिहिलं. मग नाव लिहू का, असं तिनं हळूच विचारलं, आणि तो म्हणाला, पूर्ण लिही. पाड्यावरून पाचसहा माणसं वर आली होती, अंगं काळी, हातात करपलेले टहाळे.  ती बाजूला उकिडवी बसली, आणि त्यांच्यात किशन, पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन, बसला.

देवेशनं छिन्नी टेकवली आणि धोंडा मारला. दगड भलताच कठीण. पहिल्या घावाला नुसता पांढरा ओरखडा उठला, दुसऱ्याला छिन्नी सटकून बोटाची सालपटं निघाली. घाम डोळ्यांत जात होता. सगळे बघत होते आणि त्याला वाटत होतं, जमिनीनं पोटात घ्यावं. दहा घाव. वीस. रेघ दिसू लागली. त्यानं हात थांबवला, अंगठ्यानं भुकटी पुसली आणि येसूकडे पाहिलं.

येसू पुढं आली. वाकली, रेघेत नख घालून पाहिलं आणि मान हलवली.

"चार पावसांत बुजंल ही," ती म्हणाली. "अजून खोल."

देवेशनं छिन्नी पुन्हा टेकवली.